पेंटरांचा फैसला

"हा इर्शाद कोण हाय हो? समदं दुकान यानंच बिघडवलंय वाटतं."

काउंटरपाशी उभं असलेलं, लोहा गावाहून आलेलं एक गिऱ्हाईक वर बघत म्हणालं. वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कपडे वाळत घालायला बांधतात तशी तार होती आणि तिला चिमट्यांनी लटकवलेले बिघडलेले प्रिंट. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात बिघडवणाऱ्याचं नाव, लाल रंगात, ब्रशनं. अक्षर इतकं सुरेख की आधी नाव वाचलं जायचं, बिघाड नंतर दिसायचा.

इर्शादभाई त्या माणसापासून हातभर अंतरावर कटरनं छपाईची फिल्म कापत होते. मान वर न करता ते म्हणाले, "असंल कोणीतरी. लई बदनाम माणूस दिसून राहिला."

गिऱ्हाईक हसलं. कॉम्प्युटरच्या मागे मीही हसले असते, पण इर्शादभाईंच्या हातांत पॉलिथिनचे मोजे होते, आतून घामानं धुकं धरलेले, आणि ते का घालावे लागतात हे मला माहीत होतं. त्या दुकानात मी काढलेल्या दिवसांतला बराचसा वेळ रागात गेला. तो राग दुकानाच्या मालकावर होता, त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे.

गल्लीत त्यांना सगळे पेंटर म्हणत. मी सर म्हणायची. मोठ्या माणसासमोर मला तेवढा एकच शब्द सुचायचा, तो शाळेनं दिलेला. एके काळी जुन्या नांदेडातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मराठी, हिंदी, उर्दू आणि देगलूरकडच्या व्यापाऱ्यांसाठी तेलुगूसुद्धा. तेलुगू त्यांना वाचता येत नसे. "वाचायचं काय त्यात? अक्षराचं पोट कुठं आन् पाठ कुठं, तेवढं कळलं की झालं," असं ते म्हणत. मग फ्लेक्स आला, ब्रश वाळून गेले आणि सरांनी एक दिवस सरळ मशीन विकत घेतलं. हरलेल्या माणसासारखं नव्हे. दुश्मनाची पोर सून करून आणावी आणि मग तिचे लाड करून सगळ्या भावकीला जळवावं, तसं.

लाड खरोखरच करत. सकाळी शटर वर गेलं की आधी मशीनला अगरबत्ती. मग खणातून एक डबा निघायचा, गाडीच्या डॅशबोर्डला चमक आणायचा स्प्रे, लिंबाच्या वासाचा. मशीनच्या झाकणावर, कडांवर, पायांवरसुद्धा तो फवारून ते जुन्या बनियनच्या बोळ्यानं असं घासत की झाकणात ट्यूबलाइट दिसू लागे. "आता कसं, नवरीवानी," असं स्वतःशीच म्हणून ते मागे सरकून बघत. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोललेलं चालत नसे. मशीनपाशी चप्पल चालत नसे. "प्रिंट मारला" हा शब्दही चालत नसे. "मारायला काय म्हस हाय का? उतरवला म्हणा."

मला कामावर घेताना त्यांनी मला कॉम्प्युटरवर काय येतं ते विचारलंच नाही. हातात ब्रश दिला, रद्दी वर्तमानपत्र पुढे टाकलं आणि एक सरळ रेघ ओढायला सांगितली. मी ओढली. त्यांनी ती डोळ्याजवळ नेऊन बघितली आणि म्हणाले, "हात बरा हाय. कॉन्व्हेंटचं सोडून देऊ, ते तुमच्या आईबापाचं चुकलं." त्या दिवसापासून मी "कॉन्व्हेंट मॅडम". गिऱ्हाईक आलं की, "थांबा, आमच्या कॉन्व्हेंट मॅडम दाखवतेत डिझाइन." मी खाली बघून डिझाइन दाखवायची. घरी आम्ही मराठीच बोलतो, तेही नांदेडचंच. पण हे त्यांना सांगायला मला कधी जमलं नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनंही सांगते. भोकरच्या एका किराणा दुकानदाराला त्यांनी फ्लेक्स लावून दिला होता, तो उन्हानं पार पांढरा पडला. दुकानदाराची काही तक्रार नव्हती. सर मात्र बसमधून जाताना तो बघून खाली उतरले, दुसऱ्या दिवशी रंगाचे डबे घेऊन परत गेले आणि त्या वयात शिडीवर चढून अख्खी पाटी हातानं लिहून आले. दुकानदार नको नको म्हणत राहिला. "तुला चालंल रे, मला न्हाई चालत. माझं नाव मरून राहिलंय तिथं," असं सरांनी त्याला सुनावलं. ही गोष्ट मला इर्शादभाईंनी सांगितली, आणि अभिमानानं सांगितली. ते सरांना उस्ताद म्हणत.

स्वतःच्या नावाबद्दल इतका हळवा माणूस दुसऱ्याचं नाव तारेवर टांगताना जरासुद्धा थबकत नसे, हेच मला कळत नसे. अजूनही कळत नाही.

प्रिंट बिघडला की इतर ठिकाणी विचारतात, काय झालं? सर विचारत, कोणी केलं? मशीन बंद, पंखे बंद. ते स्टुलावर बसत, बिघडलेला तुकडा मांडीवर पसरत, आणि आम्ही समोर उभे. यालाच ते फैसला म्हणत. पहिला प्रश्न ठरलेला असे, "शेवटचा हात कोणाचा?" आता फिल्म मशीनमध्ये चढवणं हेच इर्शादभाईंचं काम, तेव्हा शेवटचा हात त्यांचाच असणार. पीठ खवट निघालं तर भाकरी भाजणारीला धरायचं, तसला तो न्याय होता. इर्शादभाई म्हणत, "माझाच, उस्ताद." मग सर ब्रश बुडवत.

एकदा माझंही नाव वर गेलं. गिऱ्हाइकानं स्वतः बघून, मान डोलावून पास केलेल्या डिझाइनमध्ये त्याचाच फोन नंबर त्यानं चुकीचा दिला होता. टायपिंगला शेवटचा हात माझा. माझी मावसबहीण लग्नपत्रिका बघायला आली आणि वर बघून म्हणाली, "अगं, तुझं नाव किती छान लिहिलंय!" मी तिला घाईघाईनं बाहेर रसवंतीवर नेलं.

इर्शादभाईंचं नाव मात्र दोनदा लिहिलं जाई, खाली मराठीत आणि वर उर्दूत. ही खास मेहरबानी. सरांना उर्दू अक्षरं शिकवली ती इर्शादभाईंच्या अब्बांनी. तेही पाट्याच रंगवत, आणि तरुणपणी सर त्यांच्या हाताखाली होते. हे सर स्वतःच सगळ्यांना सांगत, डोळ्यांत पाणी आणून. ज्या माणसानं कलम कसं धरायचं ते शिकवलं, त्याच्या मुलाचं नाव त्याच कलमाच्या वळणानं काढून लोकांनी बघावं म्हणून टांगायचं, यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नसे. नावातल्या श ची, म्हणजे उर्दू शीन अक्षराची, लांब ओढ पूर्ण झाली की ते मान तिरकी करून म्हणत, "अब्बा असते तर खूश झाले असते." इर्शादभाई म्हणत, "हाव, झाले असते." आणि नवीन रोल आणायला आत जात.

मग ते लातूरचं काम आलं.

लातूरचे बिराजदार नावाचे गृहस्थ शोरूम आणि क्लासेसच्या सजावटीची कामं घेत. एका मोठ्या शिकवणी वर्गाच्या स्वागतकक्षाच्या काचेचं काम त्यांच्याकडे होतं. काचेवर पास झालेल्या मुलामुलींचे चेहरे लावायचे, आणि पुढच्या निकालाला ते काढून नवे लावायचे. गोंदाचं स्टिकर काढलं की काचेवर खरकटं राहतं, म्हणून त्यांना स्टॅटिक क्लिंग फिल्म हवी होती. ती गोंदाशिवाय, नुसत्या अंगच्या ओढीनं काचेला चिकटते आणि सोलली की काच कोरी. आमच्या दुकानात तिला "बिनगोंदाची" म्हणत. बिराजदारांचा दुसरा बेतही होता. त्यांना लातुरात स्वतःचं मशीन टाकायचं होतं, आणि त्यासाठी ऑपरेटर हवा होता.

इर्शादभाईंची बायको लातूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. मुलगी तिच्याजवळ, शाळाही तिथलीच. इर्शादभाई नांदेडात आईजवळ राहत आणि आठवड्यातून एकदा बसनं लातूरला जात. आईला घेऊन तिकडेच राहायला जायचं, तर तिथं काम हवं. त्यांनी बिराजदारांच्या कानावर घातलं होतं. बिराजदार म्हणाले होते, "हे चेहरे नीट उतरू द्या. मग पेंटरला विचारतो. पेंटर हाव म्हणला की या."

म्हणजे एका माणसाचा संसार एका काचेवर आणि सरांच्या एका शब्दावर येऊन थांबला होता.

बिनगोंदाची फिल्म लहरी असते. ती मऊ असते, उष्णतेनं फुगते, कडा वर उचलते आणि उचललेली कड शाई फवारणाऱ्या हेडला घासते. पहिल्याच तुकड्यावर एका मुलीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत काळा ओरखडा आला. इर्शादभाईंनी मशीनची उष्णता कमी केली, कडा पट्टीनं दाबल्या, ओरखडा गेला. फैसला झालाच, नाव लागलंच, पण काम पुढे सरकलं. मग उन्हाळ्याचा कोरडेपणा नडला. फिल्म कागदावरून सुटताना वीज धरून चटचट वाजायची, हातावरची लव उभी राहायची, आणि अक्षरांच्या कडेनं शाई धुरासारखी उडून त्यांना मिशा फुटायच्या. तिथं सरांचं डोकं चाललं, हे कबूल करायला हवं. त्यांनी जमिनीवर ओली गोणपाटं अंथरली, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतून घेतलं आणि मला फर्मान काढलं की उद्यापासून नायलॉनची ओढणी बंद. मला अपमान वाटला, पण बरोबर होतं. अक्षरं स्वच्छ आली. त्या दिवशी त्यांनी आम्हाला भजी खाऊ घातली आणि पाट्यांच्या काळातल्या गोष्टी इतक्या रंगून सांगितल्या की मला क्षणभर वाटलं, या माणसावर रागावणं बरं नव्हे.

ठिपके त्यानंतर आले.

चेहऱ्यांवर बारीक गोल ठिपके. मोहरीएवढे, मधे कोरे आणि भोवती शाईची कड. तेलाच्या थेंबावरून पाणी मागे सरकावं तशी शाई तिथून सरकायची. गोऱ्या गालावर, काळ्या केसांत, चष्म्याच्या काचेवर. "सगळ्या वर्गाला गोवर आला की हो," बिराजदार फोनवर फोटो बघून म्हणाले. इर्शादभाई हसून मला म्हणाले, "मॅडम, मशीनचे डोळे आले." सर हसले नाहीत. पंखे बंद झाले.

"शेवटचा हात कोणाचा?"

"माझाच, उस्ताद."

"काय लावतो हाताला?"

"काय न्हाई."

"डोक्याला तेल लावतो. तोच हात फिल्मला."

दुसऱ्या दिवशी इर्शादभाई कोरडं डोकं घेऊन आले. ठिपके आले. मग अत्तराची पाळी. शुक्रवारचं अत्तर बंद झालं. ठिपके आले. मग भांड्यांच्या पावडरनं कोपरापर्यंत हात धुवायला लावले, गिऱ्हाइकांसमोर, बाहेरच्या नळावर. ठिपके आले. मग पॉलिथिनचे मोजे. बाहेर नांदेडचं ऊन, आत कूलर बंद, आणि हा माणूस मोज्यांत शिजलेल्या हातांनी पातळ फिल्म धरतो आहे. "हात जड हाय तुझा," सर म्हणायचे, "तुझ्या अब्बांचा हात फुलासारखा होता. तू कुठून आला कोणास ठाऊक." तारेवर एकाच नावाची रांग लागली. त्याच दिवसांत ते लोह्याचं गिऱ्हाईक आलं होतं.

मला बोलता येत नाही, पण बघता येतं. सकाळचे प्रिंट सर्वांत वाईट असत. दुपारनंतर ठिपके विरळ होत. सर लग्नाला गेले की त्या दिवशी जवळजवळ नसतच. घरी जाऊन मी इंग्रजीत शोधलं, आणि तिथं सरळ लिहिलेलं सापडलं. शाई अशी मागे सरकते ती सिलिकॉनमुळे. चमक आणणाऱ्या स्प्रेमध्ये ते असतं, त्याचे अदृश्य कण हवेत तरंगत राहतात. आणि आमची फिल्म तर अंगच्या ओढीनं धूळही खेचून घेणारी. ती ते कण सोडेल कशाला? साध्या स्टिकरवर एखादा ठिपका यायचा, तो कुणाच्या नजरेत भरत नसे. इथं कोवळ्या पोरांच्या गालांवर आला.

सर नायगावला एका साखरपुड्याला गेले, तेव्हा मी इर्शादभाईंना एक चेहरा उतरवायला सांगितला. स्वच्छ आला. मग मी खणातून डबा काढला, सर फवारतात तसा झाकणावर फवारला, त्याच बनियननं घासला आणि तोच चेहरा परत उतरवायला सांगितला. मुलीच्या दोन्ही गालांवर ठिपके.

इर्शादभाईंनी दोन्ही तुकडे शेजारी धरले. मोजे काढले. मग म्हणाले, "ये तो उस्ताद का हाथ निकला."

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले.

"नक्को मॅडम." ते एकदम घाबरले. "बात बढ़ जाती. बिराजदारसाहेब त्यांनाच इचारणार हायत. उस्ताद चिडले की माझं लातूर गेलं. माझं नाव लटकलं तर लटकू द्या, माझी पोरगी थोडीच वाचायला येणार हाय इथं?"

त्यांच्यासाठी गप्प राहायचं की त्यांच्यासाठी बोलायचं, हे मला ठरवता येईना. शेवटी मी मधलं काहीतरी केलं. त्यांचं नावही न घेता, सकाळी चहाच्या वेळी, दोन्ही तुकडे सरांपुढे ठेवले आणि जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, त्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं. मी काल करून बघितलं. हा आधीचा, हा नंतरचा."

मला वाटलं होतं, ते "कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं का?" म्हणतील. नाही म्हणाले. त्यांनी दोन्ही तुकडे उचलून ट्यूबलाइटसमोर धरले. आधी हा, मग तो, मग परत हा. त्यांची नजर पाट्या रंगवणाऱ्याची, तिला काय दिसायचं ते दिसलंच. मग तुकड्यांची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "चहा गार होऊन राहिला, प्या."

दुसऱ्या दिवशी अगरबत्ती लागली. डबा निघाला नाही. खणातही नव्हता. बनियनचा बोळाही गेला.

ठिपके बंद झाले.

मी वाट बघितली. आज तार खाली येईल, निदान आज ते मोजे काढ म्हणतील. माफी मागावी अशी माझी अपेक्षा नव्हती. त्या वयाची माणसं इर्शादभाईंसारख्यांची माफी मागत नाहीत, हे मला माहीत आहे. पण एखादा माणूस चूक कळल्यावर निदान गप्प बसतो. सर गप्प बसले नाहीत. फोनवर त्यांनी बिराजदारांना माझ्यादेखत सांगितलं, "गेले ठिपके. सुधरवला त्याला. फैसला केल्याबिगर माणूस सुधरत न्हाई, साहेब." आणि फोन ठेवून इर्शादभाईंना म्हणाले, "मोजे काढू नको बरं का. त्यानंच गुण आलाय."

इर्शादभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच नको म्हणाले. मग मोजे घातले.

त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. घरी आईनं विचारलं, काय झालं, तर मला रडू आलं. ते सरांवरच्या रागानं आलं. कळून-सवरून, उजेडात धरून बघून, पुरावा खिशात टाकून हा माणूस दुसऱ्याला मोज्यांत कोंडून ठेवतो आणि वर त्याचं श्रेय घेतो! आई म्हणाली, म्हातारा माणूस आहे, सोडून दे. सगळे असंच म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला सोडून द्यायचं, आणि तरुण माणसानं सोसायचं.

काच लावायला लातूरला सर मला घेऊन गेले. इर्शादभाईंना नाही. "मशीनजवळ कोणीतरी पाहिजे," म्हणाले. लावायचं काम इर्शादभाई जन्मभर करत आलेले, आणि काच त्यांच्या मुलीच्या शाळेच्या वाटेवर. निघताना ते मला फक्त म्हणाले, "पाणी कमी मारायला सांगा. कडा सुटतेत."

शिकवणीच्या स्वागतकक्षात पोरांची गर्दी होती. सरांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, काच पुसली, पाण्याचा हलका शिडकावा केला आणि फिल्म कागदावरून सोलून काचेवर सोडली. सोडली म्हणजे सोडलीच. हात लागला आहे असं वाटलं नाही. मग रबराच्या पट्टीनं मधून कडेकडे पाणी काढत गेले. एक बुडबुडा नाही. एकेक चेहरा काचेवर उमटत गेला तशी पोरं ओळखू लागली. "अय, ही आपल्या गल्लीतली!" "हा बघ, हॉस्टेलला आपल्या वरच्या मजल्यावर होता." एका मुलीनं शेजारणीला विचारलं, "पुढच्या वर्षी हे काढतेत का?" आणि उत्तराची वाट न बघता काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघून घेतलं. सर खुशीत होते. पोरांना म्हणत होते, "अभ्यास करा रे, पुढल्या खेपेला तुम्हाला उतरवतो." ते तेव्हा फार छान दिसत होते, हे खोटं कशाला सांगू?

बिराजदार आले. चष्मा वर करून त्यांनी काच जवळून बघितली, बोट गालांवरून, कपाळांवरून फिरवून.

"एक ठिपका न्हाई, पेंटर. मानलं."

"आपलं काम हाय ते."

"मग त्या इर्शादचं काय करू? परवा मशीन येऊन राहिलंय. पोरगा मला बरा वाटला. पण तुम्ही खरं सांगा. तुमच्या शब्दावर हाय."

सर पट्टी पुसत होते. ती उलटी करून परत पुसली. मला अजून वाटतं की त्या क्षणी ते हो म्हणू शकले असते. इर्शादभाईंशिवाय दुकान चालणार नाही ही भीती होती, की हो म्हटलं तर सगळ्या फैसल्यांचं काय होईल ही, ते मला माहीत नाही. मला जाणून घ्यायचंही नाही.

"माणूस सोन्यासारखा हाय," ते म्हणाले. "लेकरासारखा वाढवला मी त्याला. पण हात... हात तेलकट हाय त्याचा, साहेब. अंगातच हाय, तो तरी काय करणार? माझ्या धाकात हाय म्हणून निभलं. तुमच्याकडं आला की पहिल्याच रोलला परत गोवर."

"असं हाय व्हय." बिराजदारांनी मान हलवली. "बरं झालं इचारलं. मग नगंच. सांगून टाकतो त्याला, वाट बघून राहिला असंल बिचारा." आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, कात्री, पट्टी गोळा करा. बस गाठायची हाय."

मी गोळा केली नाही. शाळेत नाव पुकारल्यावर उभं राहून "प्रेझेंट" म्हणायलासुद्धा मला दोनदा घसा साफ करावा लागे. बिराजदार फोनवर नाव शोधत होते, त्यांचा अंगठा वरून खाली सरकत होता. पोरं अजून काचेपाशी होती. मी त्यांच्यामधून वाट काढत बिराजदारांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"काका, फोन लावू नका," मी म्हणाले. आवाज फाटका निघाला, पण निघाला, आणि पोरं गप्प झाली. "इर्शादभाईंच्या हातात काही दोष नाही. सर रोज सकाळी मशीनवर गाडीचा स्प्रे मारायचे, त्यानं ठिपके येत होते. स्प्रे बंद केला, ठिपके बंद झाले. मी स्वतः करून पाहिलंय, आणि सरांना दाखवलंय. सरांना हे माहीत आहे."